एका गोणीला एक झाकण

७ एप्रिल, सोमवार

दिपमालाने जळगावहून एसटीच्या कंडक्टरबरोबर दोन वस्तू पाठवल्या. एक ही डायरी आणि एक पांढऱ्या पावडरचं पाकीट. दिपमाला माझी एकुलती एक. डिप्लोमा करून तिकडे विटा-सिमेंट तपासायच्या लॅबमध्ये लागली, तेव्हापासून बापाला बांधकाम शिकवायची एकही संधी सोडत नाही. संध्याकाळी तिचा फोन आला.

"आबा, एक गोणी सिमेंटले एकच झाकण. पाकिटमा झाकण शे. माल पानी धरी ठेवी, लवकर सुकाव नही. आनि रोज डायरीमा लिखा, कसं चालनं ते."

"माले नही लागस पावडर-बिवडर," मी म्हटलं.

"तुमले नही, भितले लागस," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता उन्हाळ्यात काय होतं ते मला तिने सांगायला नको. धुळ्याच्या एप्रिलमध्ये वीट हातात धरवत नाही. हौदात भिजवली तरी बाहेर काढून थरासाठी ताणलेल्या दोरीपर्यंत नेईतो पुन्हा तहानलेली. मग ती खालच्या मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला काही उरत नाही, आणि सांधा बोटाने भुसा निघेल असा होतो. म्हणून आम्ही विटा भिजवतो, सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारतो आणि माल थोडा थोडा कालवतो. ही पावडर म्हणे कापसापासून किंवा लाकडापासून करतात आणि ती पाणी सोडत नाही. कापूस आमच्या खानदेशात काय कमी आहे? पण तो भिंतीत घालायचं कोणाला सुचलं नव्हतं.

रोज लिहायचंच आहे तर एक गोष्ट लिहून ठेवतो. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दिवाळीच्या सुमारास दुखायला लागला, संक्रांतीपर्यंत अडकायला लागला, आता छातीच्या वर थापी नेली की आतून कोणी सुतळीने ओढून धरल्यासारखं होतं. कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला, सरितालाही नाही. मिस्तरीचा हात गेला की मिस्तरी गेला, मागे काय राहतं? मला भीती वाटते. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही, एवढं एक बरं आहे.

१० एप्रिल, गुरुवार

पावडर आजपासून. देवपूरला इंदिराबाईंच्या घराचं काम चालू आहे, तिथेच.

इंदिराबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात. लिंबाखाली खुर्ची टाकून दिवसभर बसतात आणि चष्म्यावरून बघतात. चाळीस वर्षं रुग्णांवर नजर ठेवली, आता विटांवर ठेवतात.

माल भुरीबाई कालवते. शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याची पावरा बाई. माझ्याबरोबर इतकी वर्षं आहे की मला कसा माल लागतो हे सांगावं लागत नाही. झाकण तिच्या हातात दिलं, एका गोणीला एक म्हणून सांगितलं. तिने पावडर बोटावर घेऊन वास घेतला आणि सिमेंटमध्ये टाकली.

खरं लिहायचं तर माल झकास झाला. थापीवरून लोण्यासारखा सरकतो. नेहमी चहा पिऊन येईपर्यंत कडक होतो आणि त्याला पुन्हा पाणी दाखवावं लागतं, आज तसाच मऊ होता. वीट ठेवली, दाबली, बसली. जोर लागला नाही. हाताला आराम पडला.

दिपमालाला फोनवर "ठीक शे" एवढंच सांगितलं. जास्त कौतुक केलं की पोरगी डोक्यावर बसते.

पावडर: एक झाकण.

१५ एप्रिल, मंगळवार

ईश्वरचं काहीतरी चाललं आहे. ईश्वर माझ्या हाताखालीच मिस्तरी झाला, थापी कशी धरायची ते मी शिकवलं. आज समोरच्या भिंतीला परांची बांधली, मी चढायच्या आधी हा वर जाऊन बसलेला.

"वरना थर माले करू द्या मिस्तरी. माले खाले वाकाले नही जमत, कंबर धरस."

त्याचं वय तीससुद्धा नाही आणि याला कंबर! मला कळत नाही असं वाटतं का त्याला? वरचं काम लांबून दिसतं, रस्त्याने जाणारा वर पाहतो आणि विचारतो, मिस्तरी कोण? पुढच्या वर्षी हा स्वतःची कामं घेईल आणि माझी गिऱ्हाइकं नेईल. घे बाबा. मी खालचे थर केले. खालचा थर चुकला तर वरचा कितीही नीट असो, काही उपयोग नाही, हे मीच त्याला शिकवलं आहे.

पावडर: एक झाकण.

१९ एप्रिल, शनिवार

सरिताने बाजारातून माझ्यासाठी तीन नव्या बंड्या आणल्या, समोर बटणं असलेल्या. मी आयुष्यभर डोक्यातून घालायचं बनियन घातलं. म्हटलं, हे काय म्हाताऱ्याचं? तर म्हणे आता अशीच फॅशन आहे. घालून पाहिली. सोयीची आहे, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

तिने स्वयंपाकघरही हलवलं. चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवर होते ते ओट्याजवळ खाली आणले. कारण विचारलं तर झुरळं. झुरळं वरच्या फळीवर जातात आणि खालच्या फळीवर येत नाहीत, हे मला पहिल्यांदा कळलं.

हात रात्री ठणकतो. साईटवर भुरीबाईला सांगितलं, आजपासून दोन झाकणं. तिने मान हलवली. माल खरंच आणखी हलका झाला. दिपमाला लॅबमध्ये बसून सांगते, तिला देवपूरचं ऊन काय माहीत!

पावडर: दोन झाकणं.

२४ एप्रिल, गुरुवार

आज भुरीबाईवर ओरडलो.

एक तर घमेलं अर्धंच भरून देते. परवापासून बघतोय. शिडीवर उभी राहून मला देते ते घमेलं तळाला जेमतेम. दोन हेलपाट्यांचं काम चार हेलपाट्यांनी. विचारलं तर म्हणते, "भरेल घमेलं वर देवाले जड पडस मिस्तरी. मनी कंबर दुखस." हल्ली ज्याला त्याला कंबर. वय झालं तिचंही. दुसरा कोणी असता तर नवी बाई पाहिली असती, पण जुनं माणूस आहे, मला ते होणार नाही.

दुसरं म्हणजे वाळू. चाळलेली वाळू पुन्हा चाळणीवर घेते. सोनं शोधते की काय? तेवढा वेळ आम्ही दोघं मिस्तरी थापी घेऊन उभे. मी म्हटलं, एकदा चाळ आणि कालव. ती हो म्हणाली आणि थोड्या वेळाने पाहतो तर पुन्हा तेच. मनाची राणी आहे.

झाकणाने मोजत बसण्यापेक्षा आता सरळ ओंजळ टाकायला सांगितली. परिणाम लगेच दिसला. माल असा की लहान मुलानेही भिंत बांधावी. या पावडरीचं गणित माझ्या हाताला नीट समजलं आहे. कंपनी वजनातही सढळ दिसते, एवढी टाकतो तरी पाकीट संपायचं नाव घेत नाही.

पावडर: ओंजळभर.

३० एप्रिल, अखाजी

अक्षय्य तृतीयेची साईट बंद. दिपमाला सणाला घरी आली. सरिताने खापरावर मांडे केले, आमरस केला. पोरगी जेवताना मला बघत होती. मी डाव्या हाताने पाण्याचा तांब्या घेतला तर म्हणे, "आबा, डावखुरे कधपाईन व्हयनात?" मी म्हटलं, उजवा उष्टा आहे. हुशारीने निसटलो.

गल्लीतल्या पोरींनी झोक्यासाठी दोर आणून दिला. दरवर्षी लिंबाच्या फांदीवर मीच टाकतो. उठणार तेवढ्यात ईश्वर दारात. सहज आलो म्हणाला, मांडे खायला. आलाच आहेस तर दोर टाक म्हटलं. योगायोगाने काम झालं, नाहीतर सगळ्या गल्लीदेखत फजिती होती.

दिपमालाने पावडरीचं विचारलं. सगळं चांगलं आहे म्हणून सांगितलं. ओंजळीचं बोललो नाही, उगीच लेक्चर ऐकावं लागलं असतं.

३ मे, शनिवार

भुरीबाईच्या मुलाचं, खाज्याचं लग्न. ती गुरुवारीच गावाला गेली, चार-पाच दिवस येणार नाही. मलाही बोलावणं होतं, पण शिरपूरच्या पुढे जीपमध्ये दाटीवाटीने बसून खांद्याची काय हालत झाली असती? काम आहे म्हणून टाळलं. वाईट वाटलं.

तिच्या जागी विटा वाहणाऱ्या छगनला माल कालवायला घेतलं. एका गोणीला एक ओंजळ म्हणून नीट समजावलं. माणूस आज्ञाधारक, ओंजळ म्हटली की ओंजळ, वर थोडी सांडली तीही.

आजच्यासारखा दिवस वर्षभरात गेला नव्हता. स्वयंपाकघराची मागची भिंत छातीपर्यंत आधीच झाली होती, तिच्यावरचं काम मी घेतलं. ईश्वर मधे पडला, त्याला पुढे पाठवून दिलं. माल फुलून आला होता, दुधावर साय यावी तसा. थापीला भारच नाही. स्टुलावर उभा राहून थरामागून थर ठेवत गेलो. हात दुखला, पण गेला वर, थापी घेऊन गेला! दुपारी ईश्वरने माल बोटात धरून पाहिला आणि म्हणाला, "मिस्तरी, याले फेस येस." मी म्हटलं, तुझ्या पोटात दुखतं म्हणून तुला फेस दिसतो.

घरी येताना जिलेबी आणली. सरिता म्हणाली, कसली? मी म्हटलं, असंच. फार दिवसांनी मला मी सापडल्यासारखं वाटलं.

पावडर: ओंजळभर.

५ मे, सोमवार

मागच्या भिंतीचा सांधा अजून ओला वाटतो. अंगठा दाबला तर ठसा उठतो. पावडर पाणी धरून ठेवते, तेव्हा वाळायला वेळ लागणारच. उद्यापर्यंत होईल.

ईश्वर दोनदा त्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. सांध्याला बोट लावून पाहिलं.

६ मे, मंगळवार

झाला नाही.

इंदिराबाई खुर्चीवरून उठल्या, चालत मागच्या भिंतीपाशी गेल्या. अंबाड्यातला आकडा काढला आणि सांध्यात घातला. आकडा आत गेला. त्यांनी तो फिरवला तर पांढरट भुगा खाली पडला.

"रोहिदासभाऊ, ही भिंत आहे की बर्फी?"

छगन हसला. मी त्याला काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. वरच्या थरातली एक वीट हलवली, ती हातात आली. खालची बाजू स्वच्छ, माल चिकटलेलाच नाही. नवी कोरी वीट. त्याच्याखाली छातीपर्यंतचे जे थर आहेत, त्यांना मात्र छिन्नी लावली तरी ढिम्म. तीच पावडर, तीच ओंजळ, तेच सिमेंट. मग हे असं का? मला काही कळत नाही. सिमेंट खराब आलं असेल. छगनने पाणी जास्त टाकलं असेल.

माझ्या हाताने बांधलेली भिंत आजवर पडली नव्हती. दिपमालाला फोन केला. उद्या सकाळच्या गाडीने येते म्हणाली.

७ मे, बुधवार

सगळं लिहितो, जसं झालं तसं.

दिपमाला बसमधून उतरून सरळ साईटवर आली. वीट उचलली, उलटी केली, माल चिमटीत चोळला. "आबा, पावडर कितली टाकी?"

"नेहमीसारखी. ओंजळभर."

तिचा चेहराच उतरला. "नेहमीसारखी?"

तेवढ्यात भुरीबाई आली. लग्नातून थेट, हातापायाला हळद तशीच, आणि पदरात इंदिराबाईंसाठी चारं, चारोळीची रानफळं, बांधलेली. भिंत पाहून जागच्या जागी थांबली. दिपमालाने तिला विचारलं आणि ती माझ्याकडे न बघता बोलली.

"मी कधी ओंजळ टाकीच नही. तुम्ही फोनवर सांगेल व्हतं, मिस्तरी काहीबी सांगोत, एकच झाकण टाकजो. मी एकच टाकू."

म्हणजे पहिल्या दिवसापासून एकच झाकण. माझी दोन झाकणं नाहीत, ओंजळ नाही. पाकीट संपत नव्हतं ते यामुळे. पावडर जास्त झाली की मालात हवेचे बुडबुडे भरतात, माल फुलतो, हलका होतो, आणि आत धरायला काही राहत नाही. दिपमालाने ते समजावून सांगितलं, पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं.

"मंग माल इतला नरम कसा ऱ्हाय?"

"वाळू दोनदा चाळू," भुरीबाई म्हणाली.

"आनि घमेलं अर्धं काब्र?"

ती पदरातली चारं चाचपत राहिली. ईश्वरच बोलला शेवटी.

"तुमना हात वर जास नही मिस्तरी. बठ्ठासले माहीत शे."

"कधपाईन?"

"दिवाईपाईन."

दिपमाला रडायला लागली. म्हणाली, "आबा, पावडर भितसाठी नही धाडी. तुमना हातसाठी धाडी. माल हलका व्हई, तुमले जोर लागाव नही. तुम्ही मन्ह ऐकतात नही म्हनीसन भितनं नाव सांगं. आनि भुरीबाई लगीनले जाई, ते मना ध्यानमाच नही उनं."

मी थापी पाटीवर ठेवली आणि घरी आलो. चालत आलो. घरी सरिता दारातच होती, तिला फोन आलेला असणार. मी बंडीची बटणं सोडायला लागलो आणि तेव्हा बटणांकडे पाहिलं. ओट्याजवळच्या डब्यांकडे पाहिलं.

"तुले बी माहीत व्हतं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मी बायको शे तुमनी."

१० मे, शनिवार

साईटवर गेलो नाही. फोन बंद ठेवला.

राग कोणाचा करावा तेच समजत नाही. सगळ्यांनी मिळून मला लहान मुलासारखं सांभाळलं आणि मी तोऱ्यात राहिलो. ईश्वरला मी काय काय म्हटलं याच डायरीत, मागची पानं वाचली आणि बंद केली. भुरीबाईला म्हातारी झाली म्हटलं. तिची कंबर दुखते म्हणून दया दाखवत होतो मी तिला! लाज वाटते, आणि लाजेच्या मागून रडू येतं.

दुसरं म्हणजे आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. त्यामुळे रात्री झोप मात्र लागली.

१२ मे, सोमवार

इंदिराबाई रिक्षा करून घरी आल्या. चहाच्या आधीच म्हणाल्या, "हात वर करा."

केला. जितका गेला तितका गेला.

"आखडलेला खांदा. माझ्या वॉर्डात असे कितीतरी पाहिले. डॉक्टरांना दाखवा, तेही हेच सांगतील. याला वेळ लागतो, पण सुटतो. व्यायाम रोज करावा लागेल. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीला लावायची आणि मुंगीसारखी एकेक बोट वर चढवायची."

"आनि मिस्तरीकाम?"

"छातीच्या खालचं करा. वरचं करायला माणसं आहेत ना तुमच्याकडे." त्यांनी बशीत चहा ओतला. "माझी भिंत कोण उतरवणार? छगनला मी हात लावू देणार नाही."

मी म्हटलं, उद्या येतो.

१४ मे, बुधवार

वरचे थर उतरवले. एका हाताने जमलं, इतक्या सहज विटा निघत होत्या. सगळ्या स्वच्छ, पुन्हा वापरता येतील. छातीपर्यंतचे थर राहू दिले. ते चांगले आहेत, भुरीबाईच्या मालातले.

आता वर बांधणार कोण? ईश्वर समोरच्या कामात अडकलेला. बाहेरून मिस्तरी आणावा असं तोच म्हणाला. मी विचार करून ठेवला होता. थापी धुतली आणि भुरीबाईसमोर धरली.

"धर."

तिने हात मागे घेतले. "बाईमानूसना हातमा थापी कोनी दखी?"

"मी दखसू."

आमच्याकडे बाई आयुष्यभर माल कालवते, विटा वाहते, पाणी मारते. थापीला हात लावत नाही. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. इंदिराबाई उठून आत गेल्या, करंडा आणला आणि थापीला कुंकू लावलं. मग ती घेतलीच भुरीबाईने. पहिली वीट तिने ठेवली, मी दोरी बघितली. वीट बाहेर आली होती. दाखवली, तिने आत ठोकली. ईश्वर परांचीवरून बघत होता. मी त्याला वर जाऊन हळू आवाजात म्हटलं, "माफ कर रे भो." तो म्हणाला, "कसानं?" त्याला खरंच कळलं नाही की नाही कळल्यासारखं केलं, माहीत नाही.

माल मी कालवला. डाव्या हाताने फावडं मारायला वेळ लागतो. पहिलं घमेलं दिलं तर भुरीबाईने थापीने माल उलटासुलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मिस्तरी, वाळू एकदाच चाळी का?"

पुन्हा चाळली.

पावडर: एक झाकण.

३१ मे, शनिवार

मागची भिंत पूर्ण झाली. खाली माझे थर, छातीपासून डोक्यापर्यंत भुरीबाईचे, त्याच्या वर स्लॅबपर्यंत ईश्वरचे. तिचे सांधे अजून थोडे जाड-बारीक आहेत, पण भरीव आहेत. तिच्या शेवटच्या दोन थरांच्या वेळी मी दोरीला हातही लावला नाही.

व्यायाम याच भिंतीवर करतो. डॉक्टरांनीही तोच सांगितला. बोटं चढवत नेली की माझ्या शेवटच्या थराच्या खाली थांबतात, पुढे सुतळी ओढली जाते. डोळ्यात पाणी येतं. इंदिराबाई लांबून म्हणतात, "उद्या."

आज बाहेरचं प्लास्टर सुरू करायचं होतं. त्यांनी सांगितलं, बाकी सगळं करा, ही मागची भिंत सोडा. मी म्हटलं, अक्का, पाऊसपाण्याचे दिवस येतील. त्या म्हणाल्या, घर माझं आहे.

पावडर: एक झाकण.

२० जून, शुक्रवार

बोटं माझ्या शेवटच्या थरावर आहेत. आठवडाभर तिथेच आहेत. कंटाळा आला म्हटलं तर सरिता रोज सकाळी तेल चोळून देते आणि सोडत नाही.

दिपमाला आली होती. नव्या भिंतीचे सांधे ठोकून पाहिले, माझ्या हाताचं टोक कुठे येतं तेही पाहिलं आणि विटेवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. लॅबची सवय. जाताना म्हणाली, "आबा, आते मी काही धाडसू तर खरं सांगीसन धाडसू." मी म्हटलं, खोटं सांगून पाठवलंस तेही चांगलंच होतं.

पावडर: एक झाकण.

२१ जुलै, सोमवार

आज मधलं बोट माझ्या शेवटच्या थरावरून वरच्या विटेवर गेलं. मागून दुसरं गेलं. सुतळी ओढली गेली नाही.

मी तसाच उभा राहिलो, हात काढला तर पुन्हा जाईल की नाही या भीतीने. भुरीबाई जिन्याच्या पायऱ्या बांधत होती, तिला हाक मारली. थापी हातात घेऊनच आली.

"दख, तुना थरवर उनू."

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग नाक जवळ नेऊन त्या विटेखालचा सांधा पाहिला आणि नखाने खरवडला. काही निघालं नाही.

"चांगला शे," ती म्हणाली. भिंतीला म्हणाली की हाताला, मी विचारलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि ते तिने पाहिले, पाहू दिले.

इंदिराबाई खुर्चीवरून उठून आल्या. "मग रोहिदासभाऊ, करून टाकायचं का या भिंतीचं प्लास्टर?"

"नको अक्का," मी म्हटलं. "अजून ईश्वरचे थर राहिलेत."

पावडर: एक झाकण. वाळू दोनदा चाळली.